बाटलीवरच्या रेघा

शनिवार, ११ जानेवारी २०२५

दीप आला. एक बॅग, एक लॅपटॉप आणि तोंडात पुदिन्याची गोळी. वैभवीनं त्याला मेडनहेडहून इथे लंडनला गाडीनं आणून दारात उतरवलं, इंजिन बंद केलं नाही. "बाबा, मी आत येत नाही, मैत्री मागे झोपलीय," म्हणाली. सकाळचे अकरा वाजले होते आणि नऊ वर्षांची माझी नात टक्क जागी होती. मागच्या काचेतून बघत होती माझ्याकडे. मी हात हलवला, तिनंही हलवला. सून खोटं बोलली खरी, पण तिच्यावर ती वेळ आणणारा आमचाच पोट्टा, म्हणून मी बॅग उचलली.

बस डेपोत सव्वीस वर्षं काढली मी, त्यातली शेवटची नऊ फोरमन म्हणून. ड्रायव्हर म्हणायचा, ब्रेक ठीक आहेत. मी खाली वाकून बघायचो. कोणाचं ऐकायचं नाही, स्वतः बघायचं आणि वेळेसकट लिहायचं. त्यासाठी ही डायरी आजपासून कोटाच्या खिशात.

वैभवी फोनवर माझ्या बायकोला, शांताला सांगत होती, "आई, हा आजार आहे." आजार घरी चालत येतो. दारूकडे माणूस चालत जातो, तेही पायात बूट घालून. एक्केचाळीस वर्षांचा बाप्या, बँकेतली नोकरी घालवून बसला, बायकोनं बाहेर काढला, आणि आता म्हणे आजार.

दुपारी दोन वाजता त्याच्या खोलीची खिडकी उघडी. बाहेर तीन डिग्री.

मंगळवार, १४ जानेवारी

सकाळी ८.०५ : आंघोळीच्या आधी हात थरथरत होते. चहाचा कप दोन्ही हातांनी धरला.

सकाळी ८.४० : हात स्थिर. चेहरा तजेलदार. पस्तीस मिनिटांत काय झालं? मधे तो फक्त मागच्या बागेत गेला होता, "हवा घ्यायला".

शांताला विचारलं. ती म्हणाली, "थंडीनं थरथरत असतील." मग चहानं थांबले असतील का, तर म्हणे, "असतील." ही बाई कधी इतकं थोडं बोलत नाही. पाणी कुठेतरी मुरतंय.

मला हे सगळं कळतं, कारण मी ह्यातून गेलेलो आहे. १९८६. नागपूर, इंदोरा. मी एका मोटर गॅरेजात कामाला, दीप दोन वर्षांचा. रोज संध्याकाळी देशी. त्या वर्षी बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकीत पिऊन नाचलो आणि दुसऱ्या दिवशी शांता माझ्याशी बोलली नाही. त्या दिवशी ठरवलं. ठरवल्यावरही चार-पाचदा पाय घसरला, पण निश्चय असा की शरीरानंच साथ दिली. दोन घोट घेतले की तोंड भट्टीसारखं तापायचं, छाती धडधडायची, उलट्या व्हायच्या. एकदा सायकलवरून पडलो. मन पक्कं झालं की अंगालाही कळतं. त्यानंतर थेंब नाही. दर वर्षी इथल्या जयंतीच्या कार्यक्रमात मी हे सांगतो. लोकांना आवडतं. शांता पहिल्या रांगेत बसते.

मी करू शकलो तर माझा मुलगा का नाही? त्याला तर मी शिकवला, पासपोर्ट दिला, सगळं दिलं. कधीकधी ह्या विचारानं मला रडू येतं, मग राग येतो.

रविवार, १९ जानेवारी

आमचं विहार म्हणजे ईलिंगमधला एक भाड्याचा हॉल. दर रविवारी साडेदहाला आम्ही खुर्च्या सरकवतो, मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो मांडतो, साडेबाराला आवरून किल्ली परत. मी अध्यक्ष, म्हणून पंचशील मी देतो. मी म्हणतो, मागून सगळे म्हणतात.

आज दीपला आणला. पहिल्या रांगेत, माझ्या डाव्या हाताला. चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, सगळं नीट म्हणाला. पाचव्या शीलाला गप्प. तेच, दारू आणि नशेपासून दूर राहण्याचं. ओठसुद्धा हलवले नाहीत. मी मुद्दाम दुसऱ्यांदा म्हटलं. तेव्हाही गप्प.

आणि मागे परीक्षित, तो सॉफ्टवेअरवाला, जो दर शुक्रवारी ऑफिसच्या लोकांबरोबर पबमध्ये असतो आणि फोटोही टाकतो, तो सगळ्यात मोठ्यानं म्हणत होता. त्याच्याशी मला काही देणंघेणं नाही.

बसमध्ये विचारलं, "पाचवं का नाही म्हटलं?"

"बाबा, आधीच्या ओळीत खोटं न बोलायचं प्रॉमिस केला ना मी. मग लगेच कसा खोटं बोलू?"

म्हणजे पितो. सरळ कबुली. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पण कुठे पितो, कधी पितो, ते मिळालं पाहिजे. पुराव्याशिवाय ओरडणारा मी नाही.

गुरुवार, २३ जानेवारी

आज पाठलाग केला. लाज वाटत नाही मला लिहायला.

दर गुरुवारी अकराला त्याची "अपॉइंटमेंट" असते. कोणाची, तर म्हणे सर्व्हिसची, म्हणजे व्यसन सोडवायचं केंद्र. मी पुढच्या बसनं गेलो. एक विटांची दुमजली इमारत, दारावर काहीतरी गोड नावाची पाटी, खाली पायरीवर चार-पाच जण सिगरेट ओढत. त्यांच्या डोळ्यांखालची सूज मी पन्नास पावलांवरून ओळखली. सगळे एकाच गावचे. दीप त्यांच्यात उभा राहिला, एकाच्या पाठीवर थाप मारली, आत गेला. दारू सोडवायला दारुड्यांत पाठवायचं, हे ह्या देशातच होऊ शकतं.

समोरच्या बस स्टॉपवर मी दीड-पावणेदोन तास बसलो. पाऊण वाजता दीप बाहेर आला. आणि त्याच्या मागून, शेवाळी कोट, हातात कापडी पिशवी, शांता.

शांता. जी सकाळी मला सांगून गेली की वेम्बलीला ईलिंग रोडवर भाजी आणायला चालले, उशीर होईल.

संध्याकाळी भाजी होती. वांगी, मेथी, सगळं. म्हणजे दोन्हीकडे गेली. मी विचारलं, "वेम्बलीला गर्दी होती का?" ती म्हणाली, "होती." जेवलो आणि टीव्हीसमोर बसलो. टीव्हीत काय चाललं होतं ते सांगता येणार नाही. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ही मला फसवते आहे असं मला आज पहिल्यांदा वाटलं.

बुधवार, २९ जानेवारी

खोकल्याच्या औषधाबरोबर येतो तो छोटा प्लास्टिकचा मापाचा कप. सकाळी आठ वाजता शांता तो विसळत होती. घरात कोणाला खोकला नाही.

बारा वाजता परत तोच कप. चार वाजता परत.

मी वास घ्यायला गेलो तर तिनं त्यात साबण घातला. माझ्याकडे बघतच घातला.

बुधवार, ५ फेब्रुवारी

भांडण झालं. व्हायलाच हवं होतं.

जेवताना दीप म्हणाला, नर्स त्याला सांगते की मेंदूला सवय लागते, ते आजारासारखंच असतं, लाज बाळगू नको. मी म्हटलं, "तुझी नर्स पगार घेते तसं म्हणायचा. आजार म्हणजे कॅन्सर. आजार म्हणजे माझी शुगर. मी काय दुकानात जाऊन शुगर विकत आणली?"

शांतानं पोळी वाढता वाढता म्हटलं, "काल स्नेहलच्या मुलाच्या वाढदिवसाला जिलेब्या कोणी खाल्ल्या? तीन."

"दोन."

"तीन. मी मोजल्या. तुमची शुगर आजार ना? मग डॉक्टरनं नको सांगितलेलं तुम्ही चालत जाऊन, ताट घेऊन, काऊन खाल्लं?"

"ते वेगळं."

"काय वेगळं ते सांगा ना."

मी उठलो. दीप हसत नव्हता. तो ताटाकडे बघून म्हणाला, "बाबा, मला पण नाही कळत हा आजार आहे की मीच असा आहे. कळला असता तर बरं वाटला असता." त्याचं मराठी असं, पाचव्या वर्षापासून इथल्या शाळेत. पण त्या वेळी त्याच्या तोंडाकडे बघून मी परत खुर्चीत बसलो. मग आठवलं की दारुड्याला असं तोंड करता येतं. मीही करायचो.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

शांतानं कॅलेंडरवर १८ मार्चला गोल केलाय. विचारलं तर म्हणे, दीपला त्या दिवशी आठवडाभरासाठी भरती करून घेणार आहेत, तोपर्यंत "सांभाळून" राहायचं. कसलं सांभाळून? पाच आठवडे थांबायला ही काय किडनी मिळायची आहे? आज ठरव, आज सोड.

शनिवारी ती मेडनहेडला चालली आहे. मैत्रीच्या शाळेला आठवड्याची सुट्टी आहे, वैभवीला ऑफिस आहे, चार दिवस राहणार. चार दिवस मी आणि दीप. बघू आता.

शनिवार, १५ फेब्रुवारी

मिळाली.

शांता साडेआठला निघाली. निघताना दीपच्या कानात काही बोलली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "त्याला त्रास देऊ नका. तुम्हाला सांगायचं आहे काही, पण आल्यावर सांगते. फोनवर सांगण्यासारखं नाही." आणि जिना उतरताना परत एकदा वळून बघितलं. चोराच्या मनात चांदणं.

९.५० : दीप आंघोळीला. मी बागेतल्या शेडमध्ये गेलो. रंगाचे डबे, गवत कापायचं मशीन, आणि माझी जुनी टूलबॉक्स. वरचा ट्रे उचलला. खाली व्होडकाची बाटली, टॉवेलात गुंडाळलेली, शेजारी तो औषधाचा कप.

बाटलीला कागदाची उभी पट्टी चिकटवलेली. तीवर पेनानं रेघा, प्रत्येक रेघेसमोर वेळ. ८, १२, ४, ८. मग पुढचा दिवस, परत ८, १२, ४, ८. रेघा खाली खाली जवळ येत गेलेल्या. आजच्या आठच्या रेघेपर्यंत रिकामी. आणि ते आकडे दीपच्या अक्षरात नव्हते. चारचा आकडा असा मोकळा, वर तोंड उघडलेला, फक्त शांता काढते.

मी तिथे गवताच्या मशीनवर बसलो. बेवडा लपवतो हे मला माहीत होतं. रेघा मारतो, म्हणजे पुरवून पुरवून प्यायला, तेही मी समजू शकतो. पण आई? कुंपणच शेत खात होतं. तिला पोराचा रडका चेहरा बघवत नाही म्हणून तिनं त्याला डोस बांधून दिले. प्रेमानं पोरं मरतात ती अशी.

१०.२० : सगळी सिंकमध्ये ओतली. नळ सोडला. बाटली नीट रिसायकलिंगच्या डब्यात टाकली.

१०.२५ : दीप खाली आला. सिंकचा वास त्याला दारातूनच कळला. पांढराफटक पडला.

"बाबा, ते ओतायचं नव्हता. ते एकदम बंद नाही करायचं असतं. नर्सनं सांगितलंय."

"नर्सनं सांगितलं पी म्हणून?"

"हो. थोडं थोडं कमी. टाइमवर. बाबा, प्लीज, आईला फोन करा."

मी म्हटलं, "आईला मी बघून घेतो. मी एका दिवसात सोडली. तुझ्यात माझं रक्त आहे की नाही?"

मग त्यानं खिशातून पाकीट काढलं, बँकेचं कार्ड काढलं आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. फोनही ठेवला. "ठीक आहे. तुमच्यासारखं करून बघतो," म्हणाला. "मला पण एकदा तुमच्यासारखं करायचं आहे, बाबा."

मी त्याला छातीशी धरलं. किती वर्षांनी. तो घामानं भिजलेला होता, पण मी सोडलं नाही. आज मी फार आनंदात आहे.

१२.०० : लिंबूपाणी दिलं.

४.०० : हात थरथर. लिंबूपाणी. उलटी. शरीर नकार देतं आहे, ही चांगली खूण.

८.०० : जेवला नाही. विचारत होता, भिंतीवर काय चालतंय. काही नव्हतं. म्हटलं, झोप.

शांताचा फोन आला, "सगळं ठीक?" म्हटलं, "उत्तम." दीपला द्या म्हणाली. झोपलाय म्हणून सांगितलं.

रविवार, १६ फेब्रुवारी

सकाळी सात : तो झोपलेलाच नव्हता. चादर ओली. दात वाजत होते. मी विचारलं, "विहारात येशील?" तो म्हणाला, "येतो. आज पाचवं म्हणतो." मी त्याच्या शर्टाची बटणं लावली, त्याला जमत नव्हती. लहानपणी लावायचो तशी.

पुढचं संध्याकाळी पाच वाजता, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसून लिहितो आहे.

त्यानं म्हटलं. पाचवं शील पूर्ण, स्पष्ट. जोडलेले हात इतके हलत होते की परीक्षितनं मागून त्याचं कोपर धरलं. मला रडू आलं, माझा आवाज फुटला, लोकांनीही बघितलं. मी मनात म्हणत होतो, शांता, तू इथे पाहिजे होतीस.

११.०५ : वंदना संपायच्या आत दीपचं डोकं एकदम मागे गेलं, तोंडातून एक आवाज आला, माणसाचा नव्हे असा, आणि तो खुर्चीसकट कोसळला. सगळं अंग आपटत होतं. ओठ निळे. मला वाटलं गेला.

रेखा आमच्यातलीच, हॉस्पिटलात नर्स आहे. तिनं खुर्च्या बाजूला फेकल्या, त्याला कुशीवर केलं, डोक्याखाली स्वतःचा कोट घातला, परीक्षितला ॲम्ब्युलन्ससाठी नाइन-नाइन-नाइनला फोन करायला लावलं. मग माझ्याकडे वळली.

"काका, हा रोज पितो का? शेवटची कधी घेतली? नक्की वेळ सांगा."

मी खिशातून ही डायरी काढली. सगळ्या विहारासमोर वाचली. शनिवार सकाळी आठची रेघ. दहा वीसला सिंक. बारा, चार, आठ लिंबूपाणी. भिंतीवर काहीतरी दिसतंय म्हणाला तेही.

"तुम्ही एकदम बंद केली?"

"मी ओतली."

रेखानं त्याची नाडी धरली. एवढंच म्हणाली, "रोज पिणाऱ्याची एकदम तोडली तर फिट येते, काका. माणूस जातो कधीकधी." ॲम्ब्युलन्सवाल्यानंही तेच विचारलं आणि मला तेच परत वाचावं लागलं. त्यानं माझ्या वेळा त्याच्या कागदावर उतरवून घेतल्या. म्हणाला, नोंद फार उपयोगाची आहे, सर.

गाडीत परत एकदा फिट आली.

सोमवार, १७ फेब्रुवारी

जिवंत आहे. शुद्धीवर आहे. हाताला सलाईन, गोळ्या चालू. डॉक्टर म्हणाले, आता इथेच सगळी उतरवू, पाच-सहा दिवस लागतील, १८ मार्चची वाट बघायची गरज नाही.

शांता कालच आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पिशवीतून एक छापील कागद काढून माझ्या मांडीवर ठेवला. सर्व्हिसनं दिलेला. त्यात मोठ्या अक्षरात होतं, अचानक थांबू नका. खाली तिचं पेनानं लिहिलेलं, ८, १२, ४, ८.

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर थेंब आणू दिला असता घरात?"

नसता दिला.

शनिवार, २२ फेब्रुवारी

दीप घरी आला. पाच किलो उतरलाय. मला बघून म्हणाला, "सॉरी, बाबा, नाही जमला तुमच्यासारखं." मी बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं.

गुरुवार, १३ मार्च

आज मीही आत गेलो, त्या विटांच्या इमारतीत. नर्स मॉरीन म्हणून एक आयरिश बाई, माझ्याच वयाची. खुर्च्या स्वच्छ आहेत, चहा वाईट आहे. शांता माझ्या शेजारी.

मॉरीन म्हणाली, दीपच्या लिव्हरच्या, हृदयाच्या तपासण्या ठीक आल्या आहेत, त्याला हवं असेल तर एक गोळी सुरू करता येईल. रोज एक, घरच्या कोणीतरी समोर उभं राहून द्यायची. ती चालू असताना दारू घेतली तर त्रास होतो, म्हणून माणूस घेत नाही. पण नीट समजून, स्वतः सही करूनच घ्यायची. न सांगता कोणाला देणं धोक्याचं.

मी विचारलं, "त्रास म्हणजे काय होतं?"

ती म्हणाली, तोंड लालबुंद होतं, तापतं. छाती धडधडते. जोरात उलट्या. कधी चक्कर येऊन माणूस पडतो.

मी मान हलवली आणि ऐकत राहिलो. मग ऐकू येईनासं झालं. मी शांताकडे बघितलं. ती तिच्या कापडी पिशवीच्या बंदाला गाठ मारत होती. मारायची, सोडायची, परत मारायची.

बसमध्ये दीप आमच्या मधे होता.

तो वर गेल्यावर मी विचारलं, "शहाऐंशी साली?"

ती भांडी लावत होती. म्हणाली, "सकाळच्या वरणात. कुटून. इंदोऱ्याच्या दवाखान्यातल्या बाईंनी दिल्या होत्या."

"किती दिवस?"

"चौदा महिने."

"मी सायकलवरून पडलो तेव्हा?"

"तेव्हा मला वाटलं मीच मारलं तुम्हाला. रात्रभर तुमच्या नाकाशी हात धरून बसले होते. सकाळी परत घातली. काय करणार होते? तुम्हाला विचारलं असतं तर खाल्ली असती?"

मी खुर्ची ओढून बसलो. एकोणचाळीस वर्षं. इथे स्टेजवर उभं राहून मी माझ्या निश्चयाची गोष्ट सांगतो आणि ही बाई पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवते. मी तिला म्हटलं, "मला सगळ्यांसमोर मूर्ख बनू दिलंस तू."

"गोळ्या संपून सदतीस-अडतीस वर्षं झाली," ती म्हणाली. "त्यानंतर तुमच्या वरणात मी मीठ सोडून काही घातलं नाही. ती सगळी वर्षं कोणी नाही प्यायलं? मी?" मग हात पुसून म्हणाली, "तुम्ही टाळ्या घेतल्या त्याचं मला काही नव्हतं. पण त्या गोष्टीपायी तुम्ही पोराला रोज बघून राहिले की हा माझ्यासारखा का नाही. ते मला आधीच सांगायला पाहिजे होतं. तिथे मी चुकले."

मला तिचा राग आला आहे. फार आला आहे. आणि ती नसती तर मी बहुतेक इंदोऱ्यातच मेलो असतो, हेही आहे. दोन्ही एकाच वेळी कसं सांभाळायचं ते मला ह्या वयात कोणी शिकवलेलं नाही.

शुक्रवार, १४ मार्च

वरणाचा वास घेऊन जेवलो. शांतानं बघितलं. ताट पुढे सरकवून म्हणाली, "माझं घ्या, अदलाबदल करू." मी अदलाबदल केली. खरंच केली.

सोमवार, १७ मार्च

स्नेहल आमच्या विहाराची सेक्रेटरी. तिचा फोन, जयंतीच्या कार्यक्रमपत्रिकेत माझं भाषण नेहमीच्याच नावानं टाकू का? म्हटलं, टाकू नको. ती म्हणाली, लोक वाट बघतात, काका. मी म्हटलं, यंदा मला माहीत नाही मी दारू कशी सोडली. ती हसली. तिला वाटलं मी गंमत केली.

शेडमध्ये जाऊन आलो. टूलबॉक्सही उघडली. सवय. काही नव्हतं, पण गवताच्या मशीनची पिशवीही उलटी करून बघितली, आणि ते करताना मला स्वतःचीच किळस आली. दीप खिडकीतून बघत होता.

गुरुवार, २० मार्च

काल दीपनं सर्व्हिसमध्ये सही केली. मॉरीननं विचारलं, गोळी द्यायला समोर कोण उभं राहील, आई का? तो म्हणाला, बाबा.

बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, "आईला दे हे काम. मी तुझ्यावर पाळत ठेवली, तुझ्या मागे बसनं आलो, शेडची झडती घेतली. तुला फिट आणली."

"म्हणून तर," तो म्हणाला. "आईला माझा दया येतो. मी रडलो की ती म्हणेल, आज राहू दे. तुम्ही नाही म्हणणार."

आज सकाळी आठ वाजता स्वयंपाकघरात. शांता मुद्दाम बागेत गेली. मी ग्लासात पाणी घेतलं, गोळी त्याच्यासमोर पाकिटातून काढली, त्याच्यासमोर टाकली. ती विरघळेपर्यंत दोघं तिच्याकडे बघत उभे.

"ह्यात काय आहे माहीत आहे ना?"

"हो."

"ह्यावर प्यायलास तर काय होईल?"

"माहीत आहे, बाबा."

"तुला पाहिजे आहे? मला नको, आईला नको. तुला?"

त्यानं ग्लास हातात घेऊन आत बघितलं. मी घाई केली नाही. तो नाही म्हणाला असता तर मी ते ओतणार नव्हतो, आणि जबरदस्तीनं पाजणारही नव्हतो. मग काय केलं असतं ते मला माहीत नाही.

"आज पाहिजे," तो म्हणाला, आणि प्यायला.

मॉरीननं सांगितलं होतं, प्यायल्यावर तोंड उघडायला लावा, काही लोक गालात धरून नंतर थुंकतात. माझ्यानं ते म्हणवेना. मी ग्लास घेतला आणि सिंककडे वळलो. इतके दिवस बघितलं, आता एवढं तरी न बघता सोडावं असं वाटलं.

दीपनं माझा खांदा धरून मला फिरवलं.

"बघा, बाबा. आज मी नाही थुंकला. पण उद्या थुंकेन कदाचित, मलाच माहीत नाही. मी चांगला वाटतो त्या दिवशी जास्त बघा."

त्यानं तोंड उघडलं, जीभ वर केली. हात हलत नव्हते. मी डोळ्यांवर चष्मा चढवला, त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि दोन्ही गालांत नीट बघितलं.